विकत घेतलेलें गांव

गयाना हा देश नकाशावर दक्षिण अमेरिकेंत असला, तरी भाषेनें, चालीरीतींनीं आणि क्रिकेटच्या वेडानें तो वेस्ट इंडीजमध्येंच मोडतो. त्याच्या जॉर्जटाउन या राजधानीच्या पूर्वेस, समुद्राला लागून, व्हिक्टोरिया नांवाचें खेडें आहे. राणीचें नांव धारण करणारें हें गांव राणीनें दिलेलें नव्हे; तें पैसे मोजून घेतलेलें आहे.

१ ऑगस्ट १८३८ रोजीं तेथील मळ्यांवरचे गुलाम पूर्णपणें मुक्त झाले. नुकसानभरपाई मिळाली ती मात्र मालकांना! मुक्त झालेल्यांची झोपडीसुद्धां मळेवाल्याच्या जमिनीवर. मजुरीसाठीं अडून बसावें, तर बिऱ्हाड रस्त्यावर येई. तेव्हां १८३९ च्या नोव्हेंबरांत आसपासच्या पांच मळ्यांवरील ८३ जणांनीं पैसे एकत्र करून नॉर्थब्रुक नांवाचा पडीक मळा ३०,००० गिल्डरांस विकत घेतला. जादा वेळ राबून मिळालेली मजुरी आणि परसांतला भाजीपाला व कोंबड्या विकून आलेला खुर्दा, हेंच त्यांचें भांडवल. नाण्यांच्या राशी ढकलगाड्यांतून वाहून नेल्या, असें सांगतात. पुढच्याच वर्षीं याच किनाऱ्यावर १२८ जणांनीं बक्स्टनची जमीन ५०,००० डॉलरांना घेतली.

येथवरची कथा ऐकावयास गोड आहे. खरी कसोटी पुढेंच होती. खेड्याच्या सोयी म्हटल्या कीं विहीर, रस्ता, शाळा डोळ्यांपुढें येतात. या किनाऱ्यावर पहिली सोय म्हणजे पाण्याचा निचरा. जमीन भरतीच्या पाण्याहून सखल. पुढें समुद्र, पाठीमागें दलदल. कोंकणांतल्या खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, तसा येथें ‘कोकर’ असतो. हा दरवाजा भरतीस बंद करावयाचा आणि ओहोटीस उघडून चरांत सांचलेलें पावसाचें पाणी समुद्रांत सोडावयाचें. मळा एका धन्याचा होता तोंवर हे चर गुलामांच्या श्रमांवर साफ राहत. आतां जमिनीचे तुकडे झालेले. एकानें चर तुंबूं दिला कीं दहांचीं पिकें बुडत. व्हिक्टोरियाच्या लोकांनीं १८४५ सालीं गांवकारभाराचे नियम लेखी केले, ते उगाच नव्हेत.

आणि सरकारची मदत? १८५२ च्या कायद्यानें वीसांहून अधिक जणांस मिळून जमीन घेण्याची मनाई झाली. १८५६ मध्यें ही मर्यादा दहांवर आली. मळेवाल्यांना मजूर हवे होते, जमीनधारक नव्हेत. हिंदुस्थानांतून करारबंद मजूर आणण्यास १८३८ मध्येंच आरंभ झाला होता. पुढें त्या खर्चाचा कांहीं भाग वसाहतीच्या तिजोरींतून, म्हणजे या गांवकऱ्यांच्याहि करांतून, निघूं लागला. १८६२ सालीं करांनीं गांजलेल्या बक्स्टनकरांनीं रुळांवर उभें राहून गव्हर्नरची आगगाडीच अडविली, आणि चाकांना साखळदंड घातले, असें सांगतात.

तो लोहमार्ग १९७२ मध्यें बंद झाला. समुद्र मात्र तेथेंच आहे. जानेवारी २००५ मध्यें या किनाऱ्यावरचीं कित्येक गांवें अतिवृष्टीनें पाण्याखालीं गेलीं. आतां पंपांची जोड मिळाली आहे. तरी कोकर उघडावयाचा तर ओहोटीचीच वाट पाहावी लागते.