बालवाडीच्या ताईंचं शिक्षण
पेण-रोह्याकडे निडीसारख्या गावांत अंगणवाडी, बालवाडी चालवणाऱ्या ताईंनो, आज अनुताई वाघांविषयी बोलूया. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्या शिक्षिका होत्या. १९४५मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांसोबत बोर्डी गावी गेल्या आणि तिथं बालशिक्षण नव्यानं शिकल्या. शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हे सगळं सांभाळून, पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१मध्ये त्या बी.ए. झाल्या! मला याचंच फार अप्रूप वाटतं.

अनुताईंसारखं काम सांभाळून शिकता यावं, म्हणून २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, तर त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षभराची पदविका सुचवली आहे. काम न सोडता, मोबाइलवरूनही शिकता यावं, असं त्यात म्हटलंय. आपल्या पर्यवेक्षिकेकडे या अभ्यासक्रमांची जरूर चौकशी करा.