पूर्वाश्रमीची बँक
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं दिली आहेत. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे व्याजदरांवर बोलावं असा विचार होता. पण सकाळी चहाच्या वेळी कानावर पडलं ते वेगळंच. कोणाच्या मुलाची कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आहे, कोणाच्या सुनेचा विभाग बंद होतो आहे, कोणी मुदतीच्या चार वर्षं आधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. म्हणून आज विलीनीकरणाबद्दलच बोलतो.

आपल्या मराठवाड्याला हा विषय नवा नाही. आपण जिला 'हैदराबाद बँक' म्हणायचो, ती 1941 साली निजामाच्या संस्थानाची बँक म्हणून सुरू झाली. संस्थानाच्या उस्मानिया सिक्क्याचा कारभार ती पाहत असे. 1956 साली ती रिझर्व्ह बँकेकडे आली आणि 'स्टेट बँक ऑफ हैदराबाद' झाली. 1959 साली स्टेट बँकेची उपकंपनी बनली. आणि 1 एप्रिल 2017 रोजी चार इतर सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक यांच्यासह ती स्टेट बँकेत विलीन झाली. 1 एप्रिल 2019 रोजी देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोद्यात गेल्या. 1 एप्रिल 2020 रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. तीन वर्षांत सरकारी बँका 27 वरून 12 वर आल्या. बँकवाल्यांचं नवं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. या वर्षांत अनेकांना ते नव्या आडनावाने सुरू करावं लागलं.

यामागे कारणं नव्हती असं मी म्हणणार नाही. थोड्या पण भक्कम बँका असाव्यात, असं नरसिंहम समितीने 1991 सालीच सुचवलं होतं. बुडीत कर्जांनी बँका वाकल्या होत्या. एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन सरकारी बँकांच्या शाखा, दोन्हीकडे भाडं, दोन्हीकडे पहारेकरी, हा खर्च शेवटी जनतेच्याच पैशातून होतो. विलीनीकरणाला आंधळा विरोध करण्यात अर्थ नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. विलीन करताना ताळेबंदात जे दिसतं ते सगळं मोजलं जातं: ठेवी, कर्जं, इमारती, फर्निचर. जे दिसत नाही ते मोजलं जात नाही, आणि ते गेलं तर त्याची नोंद 'बचत' म्हणून होते.

माझी बँकही अशीच एका मोठ्या बँकेत गेली. नाव घेत नाही. हे कुठल्याही बँकेत घडलं असतं. आमची शाखा हळदीच्या पट्ट्यात होती. हळद काढली की लगेच विकता येत नाही. ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. हातात पैसा येईपर्यंत एप्रिल-मे उजाडतो. आमच्या जुन्या मॅनेजरांना हे माहीत होतं, म्हणून पाइपलाइनच्या कर्जाचा वार्षिक हप्ता ते मे अखेरीचा ठेवायचे. हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं. एक मॅनेजर जाताना दुसऱ्याला सांगून जायचा. विलीनीकरणानंतर मंजुरी दूरच्या शहरातल्या केंद्रात गेली. तिथल्या फॉर्ममध्ये पिकाचा रकाना होता, हळद वाळायला लागणाऱ्या दिवसांचा नव्हता. नव्या कर्जांचा हप्ता 31 मार्चला पडू लागला. हळद अंगणात वाळते आहे आणि खातं थकीत दिसतं आहे, अशी गत. हप्ता भरायला काही जण सावकाराकडे गेले. आम्ही पत्रव्यवहार केला, तारीख बदललीही. पण त्यात दोन हंगाम गेले.

कंपनीची संस्कृती म्हणजे माझ्या मते एवढंच: अडचण आली की कोणाला विचारायचं हे माहीत असणं, आणि ज्याला विचारलं त्याच्याकडे निर्णय घेण्याचा अधिकार असणं. विलीनीकरणात या दोन्ही गोष्टी एकदम जातात. विचारायचं तो माणूस बदलून दुसऱ्या राज्यात गेलेला असतो आणि अधिकार वर सरकलेला असतो.

दुसरी गोष्ट माणसांच्या मानाची. बडोदा बँकेत आलेल्या शाखांना काही काळ 'ई-विजया' आणि 'ई-देना' म्हटलं जायचं. हा 'ई' म्हणजे 'पूर्वाश्रमीची' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर. लग्नानंतर आपल्या मैत्रिणींच्या नावापुढे 'पूर्वाश्रमीच्या अमुक' लिहायचे, तसंच. कामकाजासाठी ती खूण लागतेच. पण कुठल्याही विलीनीकरणात अशी खूण माणसालाही चिकटते. सेवाज्येष्ठता, बढती, बदली, प्रत्येक यादी हातात आली की आधी नजर जाते ती 'आपले किती आणि त्यांचे किती' याकडे. माहेरची रीत काढली की सासरी नाकं मुरडतात, हे वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला नव्याने शिकावं लागतं.

नोकऱ्यांचं म्हणाल, तर विलीनीकरणामुळे एकाचीही नोकरी जाणार नाही, असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 2019 साली सांगितलं होतं. सरकारी बँकांत कपात होते ती वेगळ्या वाटेने. निवृत्त झालेल्याची खुर्ची भरली जात नाही. स्टेट बँकेत मार्च 2018 मध्ये सुमारे 2 लाख 64 हजार कर्मचारी होते. मार्च 2024 मध्ये सुमारे 2 लाख 32 हजार. यात मोबाइल बँकिंगचाही वाटा आहे, सगळं विलीनीकरणाच्या माथी मारता येणार नाही. पण काउंटरमागे उरलेल्या माणसाला कारणाशी देणंघेणं नसतं. त्याच्यासमोरची रांग तेवढीच असते, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आलेल्या पेन्शनरचा राग तोच झेलतो.

आपल्यातले काही जण आज मोठ्या पदांवर आहेत. त्यांना माझी विनंती आहे. कधी दोन संस्था एकत्र करण्याची वेळ आली, तर पाटी बदलण्याआधी लहान संस्थेतल्या जुन्या माणसांना समोर बसवा आणि विचारा, 'कागदावर नसलेलं तुम्ही काय करता?' उत्तरं लिहून घ्या. त्यातलं निम्मं टाकाऊ निघेल, पण उरलेल्यात एखादी हळदीची तारीख असेल. आणि ज्याला शाखेवर पाठवाल, त्याला थोडा तरी अधिकार ठेवा.

ज्यांची मुलं यातून जात आहेत त्यांना एवढंच सांगतो. विभाग बंद झाला म्हणून मूल घरी आलं, तर 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' असं म्हणू नका. तो निर्णय बहुतेक वेळा त्याचं काम न पाहिलेल्या माणसाने आकड्यांच्या तक्त्यावर घेतलेला असतो. त्याला चार दिवस झोपू द्या, मग पुढचं बोला.

आणि आपल्यातले जे स्वेच्छानिवृत्त आहेत, त्यांनी 'सध्या काय करतोस?' या प्रश्नाला आज तरी बिचकू नये. आपण एकमेकांना ओळखतो ते हजेरीपटावरच्या नावाने. त्या नावापुढे कुठला 'ई' लागत नाही.