खुबा वाजतो तेव्हा



शरीर निमूटपणे काम करीत असते तोवर त्याची आठवण आपल्याला क्वचितच होते. त्याने आवाज दिला की मात्र आपण दचकतो. सूर्यनमस्कार घालताना, जिना चढताना किंवा खुर्चीतून उठताना खुब्यापाशी ‘खट्’ असा आवाज येतो आणि घरातली तरुण मुलगी घाबरून विचारते, ‘‘माझे हाड निखळले का?’’ मग कोणी व्यायाम बंद करावयास सांगतो, तर कोणी हाडवैद्याकडे नेऊन सांधा ‘बसवून’ आणतो. यातील पहिला उपाय बहुधा अनावश्यक असतो; दुसरा अपायकारकही ठरू शकतो.

मी व्यवसायाने पत्रकार. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. परंतु शास्त्राने जे स्पष्ट केले आहे ते सोप्या भाषेत घरोघरी पोहोचविणे, हे पत्रकाराचे कामच आहे.

या अवस्थेला ‘स्नॅपिंग हिप सिंड्रोम’ म्हणतात. लॅटिन नाव आहे ‘कॉक्सा सॉल्टन्स’, म्हणजे उड्या मारणारा, नाचणारा खुबा! नाव सार्थ आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अव्वल दर्जाच्या बॅले नर्तकांपैकी ९१ टक्क्यांनी आपला खुबा वाजत असल्याचे सांगितले होते. धावपटू आणि फुटबॉलपटू यांच्यातही हा प्रकार आढळतो.

आवाज येतो कोठून? बहुधा हाडातून नव्हेच. मांडीच्या बाहेरील बाजूने गुडघ्याखालपर्यंत एक रुंद, चिवट पट्टा जातो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी हाताला लागणारा जो उंचवटा आहे, त्यावरून हा पट्टा घसरला की ‘खट्’ होते. हा सर्वाधिक आढळणारा प्रकार. दुसऱ्यात जांघेतील स्नायूची कंडरा सांध्यासमोरील हाडाच्या उंचवट्यावरून उडी घेते. पहिल्या प्रकारात हालचाल डोळ्यांना दिसते, दुसऱ्यात आवाज कानांना ऐकू येतो. तिसरा प्रकार मात्र सांध्याच्या आतला असतो. खोबणीच्या काठाची कूर्चा फाटलेली असते किंवा हाडाचा वा कूर्चेचा सुटा तुकडा सांध्यात अडकत असतो. लहानपणी कुल्ल्यावर वारंवार इंजेक्शने घेतल्याने स्नायू आखडून खुबा वाजू लागल्याचीही उदाहरणे वैद्यकाला परिचित आहेत. अशा मुलांना उकिडवे बसणे कठीण जाते.

तेव्हा नुसता आवाज आणि वेदना नाही, तर उपचाराची गरज नाही. वेदना असेल तर ती हालचाल काही आठवडे कमी करावी, बर्फाने शेकावे आणि जाणकार फिजिओथेरपिस्टकडून ताणाचे व्यायाम शिकून घ्यावेत. कुल्ल्याचे व पोटाचे स्नायू बळकट करणे तितकेच महत्त्वाचे. बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो. इंजेक्शन थोड्यांना आणि शस्त्रक्रिया फारच थोड्यांना लागते. आवाज पुन्हा पुन्हा काढून पाहण्याची खोड मात्र टाळावी. त्याने कंडरेखालच्या मऊ पिशवीला सूज येते.

परंतु सांधा अडकत असेल, पाय दगा देत असेल, लंगडत चालावे लागत असेल, रात्री ठणका लागत असेल अथवा पडल्यानंतर हे सुरू झाले असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. वाढत्या वयाचे मूल लंगडत असेल, मग ते केवळ गुडघा दुखतो असे सांगत असले तरीही, त्याचा खुबा तपासून घ्यावाच. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, आणि त्या वयात गेलेला वेळ सांध्याला आयुष्यभर भोवू शकतो.

भयापोटी व्यायाम सोडणारा तरुण आणि बेफिकिरीने लंगडत राहणारा तरुण, दोघेही अज्ञानाचेच बळी होत. आवाजाला घाबरू नका. वेदनेला मात्र मान द्या. एवढा विवेक आपण आपल्या घरात रुजवू या, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.