पडछायेतील नायिका

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकन बोलपटांत एक निराळी नायिका अवतरली. ती रूपवती असे, पण भरवशाची नसे; तिच्या पाशात सापडलेल्या पुरुषाचा अखेर सर्वनाश होई. १९४४ च्या 'डबल इंडेम्निटी'तील बार्बरा स्टॅनविकची भूमिका हे तिचे ठळक उदाहरण. तिच्याशी नाते सांगणाऱ्या दोन भूमिका आपल्याकडे नलिनी जयवंत यांनी केल्या. त्यांचा जन्म १९२६ चा, मुंबईतला.

१९५० च्या 'समाधी'त त्या इंग्रजांच्या हेर होत्या, तर अशोककुमार आझाद हिंद सेनेचे सैनिक. आठ वर्षांनी राज खोसला यांच्या 'काला पानी'त त्या किशोरी ही गणिका झाल्या. निरपराध पित्याला कारागृहातून सोडवू पाहणारा नायक, देव आनंद, तिच्यापाशी असलेल्या पत्रासाठी प्रेमाचे नाटक करतो. येथे फसतो तो पुरुष नव्हे. फसते ती स्त्री. तरीही अखेर ती पत्र देऊन टाकते. पिता मुक्त होतो, नायक मधुबालेचा होतो आणि किशोरीच्या हाती काहीच उरत नाही.

या भूमिकेस 'फिल्मफेअर'चे पारितोषिक लाभले, ते साहाय्यक अभिनेत्रीचे! कथेचा निकाल जिच्या हाती, तीच साहाय्यक ठरली.

पुढे नलिनीबाई पडद्यापासून दूर गेल्या. डिसेंबर २०१० मध्ये चेंबूरच्या घरी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या एकट्याच राहत होत्या. त्याग करणारी स्त्री आपल्याला पडद्यावर फार आवडते. त्यानंतर तिचे काय झाले, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही.