रणांगणावरील धर्मगुरू : फादर एमिल कपॉन



ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक उत्सवात एखाद्या थोर ग्रंथकाराचे चरित्र सांगावे, हे अधिक स्वाभाविक ठरले असते. आज ज्यांच्या जीवनाचा विचार करावयाचा आहे, त्यांनी एकही ग्रंथ लिहिला नाही. वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, परक्या देशातील युद्धकैद्यांच्या छावणीत, त्यांचा अंत झाला आणि पुढे सुमारे सत्तर वर्षे त्यांचे अवशेष कोठे आहेत हे निश्चितपणे कोणालाही सांगता येत नव्हते. तरीही त्यांचे चरित्र आज उपलब्ध आहे. याचे कारण एकच : ज्यांना त्यांनी जगविले ती माणसे परत आली आणि त्यांनी पाहिलेले सांगितले. हे चरित्र म्हणजे साक्षीदारांनी जपलेले स्मरण आहे. आणि स्मरण जपणे हेच ग्रंथालयाचेही कार्य नव्हे काय?

फादर एमिल कपॉन हे कॅथलिक धर्मगुरू होते आणि अमेरिकन सैन्यात चॅप्लिन होते. चॅप्लिन म्हणजे एखाद्या पलटणीला, रुग्णालयाला किंवा तुरुंगाला नेमून दिलेला धर्मगुरू. आपल्या लष्करी छावण्यांतही पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री असतात, हे छावणीच्या गावांत राहणाऱ्यांना परिचित आहे. अमेरिकन सैन्यातील चॅप्लिनला अधिकाऱ्याचा हुद्दा असतो, अंगावर गणवेश असतो. परंतु तो शस्त्र धारण करीत नाही. येथेच एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. शांतीचा संदेश देणारा धर्मगुरू संहारासाठी निघालेल्या सेनेबरोबर चालतो, तेव्हा तो युद्धाला आशीर्वाद देत असतो काय? या प्रश्नाला तत्त्वचर्चेने उत्तर देणे कठीण आहे. फादर कपॉन यांनी ते आपल्या आचरणाने दिले.

त्यांचा जन्म २० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, पिल्सेन नावाच्या लहानशा खेड्याजवळ झाला. बोहेमियातून स्थलांतर करून आलेल्या झेक शेतकऱ्यांची ती वस्ती. मातृभूमीतील नगराचेच नाव त्यांनी नव्या गावाला दिले होते, आपली भाषा आणि आपले चर्च सांभाळले होते. मूळ प्रदेशापासून दूर राहून भाषेचा दिवा तेवत ठेवणे म्हणजे काय, हे या ग्रंथालयाच्या सभासदांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एमिलचे आईवडील शेती करीत. मुलगाही शेतात राबला. मोडलेले अवजार दुरुस्त करणे, हाताशी असेल त्यातून नवी वस्तू घडविणे, ही विद्या त्याला तेथे मिळाली. आणि पुढे ती शेकडो माणसांच्या उपयोगी पडावयाची होती.

९ जून १९४० रोजी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. आपल्याच गावात साहाय्यक धर्मगुरू म्हणून काही काळ काम केल्यावर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. १९४५ मध्ये त्यांची नेमणूक भारत-ब्रह्मदेश आघाडीवर झाली. आसामातील लेडोपासून ब्रह्मदेशात जाणाऱ्या डोंगराळ रस्त्यावरील तळांवर जीपने फिरून ते सैनिकांसाठी मिस्सा अर्पण करीत. अशा रीतीने या धर्मगुरूचे पाय आपल्या भूमीलाही लागले होते. युद्ध संपल्यावर ते परतले, वॉशिंग्टन येथील कॅथलिक विद्यापीठातून त्यांनी १९४८ मध्ये शिक्षणशास्त्राची एम. ए. पदवी घेतली. यापुढे एखाद्या शांत गावात अध्यापन आणि धर्मसेवा करीत आयुष्य घालविणे त्यांना सहज शक्य होते. परंतु त्यांनी बिशपांची अनुमती घेतली आणि त्याच वर्षी ते पुन्हा सैन्यात गेले.

जून १९५० मध्ये कोरियात युद्धाचा भडका उडाला. फादर कपॉन यांची आठवी घोडदळ रेजिमेंट, जी नावापुरतीच घोडदळ उरली होती, जुलैमध्ये कोरियात उतरली. तेथे जीपचे पुढचे झाकण हीच त्यांची वेदी झाली. त्या वेदीसमोर मिस्सा अर्पण करतानाचे त्यांचे ऑक्टोबर १९५० मधील छायाचित्र पुढे प्रसिद्ध झाले. जीप निकामी झाली तेव्हा ते सायकलीवरून एका तुकडीकडून दुसरीकडे जाऊ लागले. एकदा गोळी लागून त्यांच्या तोंडातील पाइप मोडला. माणूस मात्र बचावला. ऑगस्ट १९५० मध्ये शत्रूच्या माऱ्यात अडकून पडलेल्या जखमी सैनिकाला त्यांनी एका सहकाऱ्यासह जाऊन उचलून आणले. त्याबद्दल त्यांना शौर्यपदक मिळाले.

खरी कसोटी अद्याप पुढे होती. १ नोव्हेंबर १९५० च्या रात्री, उत्तर कोरियातील उन्सान येथे, चिनी सैन्याने या रेजिमेंटला वेढले. निसटण्याची संधी होती, सूचनाही मिळाली होती. परंतु जखमींना हलविणे शक्य नव्हते, म्हणून फादर कपॉन त्यांच्यापाशीच थांबले. जखमींमध्ये एक चिनी अधिकारीही होता. त्याचे मन वळवून त्यांनी त्याच्याकरवी शरणागतीची बोलणी घडवून आणली आणि त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. बंदी बनविले जात असतानाच त्यांना एक दृश्य दिसले. सार्जंट हर्बर्ट मिलर हे घोटा मोडल्यामुळे खड्ड्यात पडून होते आणि एक चिनी शिपाई त्यांच्या मस्तकावर बंदूक रोखून उभा होता. फादर कपॉन चालत गेले, ती बंदूक त्यांनी हाताने बाजूस सारली आणि मिलर यांना पाठीवर घेऊन ते चालू लागले. शिपायाने गोळी झाडली नाही. पुढच्या वाटचालीत मिलर त्यांना खाली ठेवण्याची विनंती करीत राहिले. खाली ठेवले तर तुला ते गोळी घालतील, एवढेच उत्तर त्यांना मिळाले.

यालू नदीकाठच्या प्योकतोंग येथील पाचव्या क्रमांकाच्या छावणीत त्यांचे उरलेले सात महिनेही पुरते सरले नाहीत. हाडे गोठविणारी थंडी, दिवसाकाठी मूठभर मका किंवा बाजरी, उवा आणि हगवण यांनी माणसे रोज मरत होती. कोरियन युद्धातील सात हजारांहून अधिक अमेरिकन युद्धकैद्यांपैकी अडीच हजारांहून अधिक कैदेतच मृत्यू पावले. अशा ठिकाणी शरीराआधी मन मरते. माणूस भिंतीकडे तोंड करून पडतो, अन्न नाकारतो आणि विझून जातो. फादर कपॉन यांचा लढा या विझण्याशी होता. छपराचे पत्रे दगडाने ठोकून त्यांनी भांडी बनविली आणि त्यांत पाणी उकळून ते रोग्यांना पाजू लागले. हगवणीने मळलेले कपडे ते स्वतः धूत, दुबळ्यांच्या अंगावरील उवा वेचीत. आपले घड्याळ देऊन त्यांनी एक घोंगडी मिळविली आणि ती कापून इतरांसाठी पायमोजे शिवले. आणि ते चोरी करीत! रात्री कोठारातून धान्य आणताना ते संत दिस्मास यांची प्रार्थना करीत. येशूच्या बाजूला क्रूसावर चढविलेला आणि अखेरच्या घटकेस पश्चात्ताप पावलेला चोर तो हाच. आणलेले धान्य अर्थातच सर्वांसाठी असे. धर्मगुरूने चोरी करावी काय, असा प्रश्न भरल्या पोटी विचारणे सोपे आहे. त्या छावणीतील भुकेल्यांना तो पडला नाही.

धार्मिक प्रार्थनांना मनाई होती, म्हणून ते अंधारात एका झोपडीतून दुसरीत जात. तेथे कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू आणि निरीश्वरवादी असे सर्वच होते; त्यांनी कोणाचा पंथ विचारला नाही. २५ मार्च १९५१ रोजी, ईस्टरच्या पहाटे, जळून गेलेल्या एका चर्चच्या अवशेषांत त्यांनी उघडपणे प्रार्थनासभा घेतली. भाकर आणि द्राक्षरस नसल्याने मिस्सा शक्य नव्हती. लाकडाचा ओबडधोबड क्रूस हाती घेऊन त्यांनी येशूच्या दुःखसहनाची कथा सांगितली आणि कैद्यांनी त्यांच्यामागून प्रार्थना म्हटली.

त्यानंतर त्यांचे शरीर खचले. पायात रक्ताची गुठळी झाली, पाठोपाठ हगवण आणि न्यूमोनिया. सोबतच्या कैदी डॉक्टरांच्या शुश्रूषेने ते सावरू लागले असता पहारेकऱ्यांनी त्यांना रुग्णालय म्हणविल्या जाणाऱ्या जागेत हलविले. कैदी त्या जागेला मरणघर म्हणत. तेथे नेत असताना फादर कपॉन यांनी रडणाऱ्या सोबत्यांचे सांत्वन केले आणि नेणाऱ्यांना क्षमा व्हावी अशी प्रार्थना केली. ज्ञानदेवांनी पसायदानात दुष्टांचा नाश न मागता त्यांच्यातील वाईटपण नाहीसे व्हावे असे मागितले. भाषा वेगळी, धर्म वेगळा. परंतु मागणे एकाच जातीचे आहे. २३ मे १९५१ रोजी त्यांचे निधन झाले.

या चरित्रातील कदाचित सर्वांत हृदयस्पर्शी प्रकरण त्यानंतरचे आहे. जेराल्ड फिंक नावाचे ज्यूधर्मीय अमेरिकन वैमानिक त्या छावणीत आले, तेव्हा फादर कपॉन हयात नव्हते. परंतु कैद्यांच्या तोंडून त्यांच्याविषयी ऐकून फिंक इतके भारावले, की त्यांनी सरपणाच्या लाकडातून येशूची क्रूसमूर्ती कोरली. १९५३ मध्ये सुटका झाली तेव्हा कैद्यांनी ती मूर्ती आपल्याबरोबर बाहेर आणली. कॅन्ससमधील विचिटा येथे, फादर कपॉन यांचे नाव धारण करणाऱ्या शाळेत, ती पुढे ठेवण्यात आली.

याच युद्धाचा एक धागा आपल्याशीही जुळतो. भारताने तेथे लढण्यासाठी सैन्य न पाठविता वैद्यकीय पथक पाठविले. आणि युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांचा सांभाळ करणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व शंकरराव थोरात या मराठी सेनानीने केले. कैद्याला माणूस म्हणून वागविणे हे किती मोठे आणि किती कठीण काम आहे, हे त्या भूमीने अनेकांना शिकविले.

अमेरिकेने ११ एप्रिल २०१३ रोजी आपले सर्वोच्च शौर्यपदक फादर कपॉन यांना मरणोत्तर दिले. त्या समारंभास वृद्ध हर्बर्ट मिलर उपस्थित होते. हवाईमधील राष्ट्रीय दफनभूमीत अनामिक म्हणून पुरलेल्या सैनिकांमध्ये त्यांचे अवशेष मार्च २०२१ मध्ये ओळखले गेले आणि २९ सप्टेंबर २०२१ रोजी विचिटाच्या कॅथीड्रलमध्ये त्यांना विसावा मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘आदरणीय’ ही संतपदाच्या वाटेवरील पदवी दिली. दुसऱ्यासाठी स्वेच्छेने आपले जीवन अर्पण करणे, हा त्यासाठी मानलेला आधार होता.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? फादर कपॉन युद्धाबरोबर गेले नाहीत. युद्धात ढकलल्या गेलेल्या माणसांबरोबर गेले. विजयापेक्षा त्यांना जखमी माणूस जवळचा वाटला आणि तो कोणत्या बाजूचा आहे हे त्यांनी पाहिले नाही. अनामिक कबरीत पडलेला हा माणूस विस्मृतीत गेला नाही, कारण परतलेल्यांनी त्याची आठवण एक ऋण म्हणून फेडली. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या या वास्तूत ते ऋण आपल्याही खाती मांडून ठेवणे उचित होईल.