सत्र संपतं, काम चालू राहतं

अभियांत्रिकीचा प्रकल्प म्हटलं की तोंडी परीक्षेपर्यंत धावपळ आणि पुढे तो प्रयोगशाळेच्या कपाटात धूळ खात पडलेला, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात १९९५ साली एडवर्ड कॉयल आणि लिआ जेमिसन या प्राध्यापकांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या 'एपिक्स' उपक्रमात विद्यार्थी शाळा आणि सेवाभावी संस्थांसाठी खरीखुरी उपकरणं बनवतात. त्याचे श्रेयांकही मिळतात. २००५ मध्ये या कामाला अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचा गॉर्डन पुरस्कार मिळाला.

मला यातली गटरचना फार मोलाची वाटते. पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुलं एकाच गटात असतात. संस्थेची गरज काही सत्राबरोबर संपत नाही. मोठे पदवी घेऊन गेले, तरी धाकटे काम पुढे नेतात. म्हणून नोंदवही चोख ठेवावीच लागते.

आणि नियोजन? समजा, हालचालींवर मर्यादा असलेल्या मुलांसाठी खेळणं करायचं आहे. आधी त्या मुलांच्या केंद्रात जाऊन बसायचं, बघायचं. मुलाला बटण दाबता येतं, की नुसता तळहात टेकवता येतो? खेळणं धुता येईल ना? सेल कोण बदलणार? मग मोजमापं, नमुना, मुलांच्या हाती देऊन चाचणी. तिथं बहुधा काहीतरी मोडतं, आणि आराखडा पुन्हा टेबलावर येतो. खेळणं सोपवल्यावरही कुरकुर ऐकायला, दुरुस्ती करायला गट केंद्रात जातच राहतो.