रानातील उपरे तण आणि प्राथमिक शाळा



पावसाळ्यात लोणावळ्याहून राजमाचीकडे अथवा पवन मावळातून लोहगडाकडे दृष्टी टाकली, तर सारे रान हिरवेगार दिसते. परंतु हिरवे तितके हितकारक नव्हे. त्या हिरवाईत सह्याद्रीची कारवी असते, तशीच परदेशातून आलेली घाणेरी आणि रानमोडीही असते.

घाणेरी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आली. तिची फळे बुलबुल खातो व बी दूरवर नेतो. तिचा पाला गुरांना विषारी आहे. रानमोडीचे केसाळ बी वाऱ्यावर उडते. गाजरगवताची भारतातील नोंद तर १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली. अशा तणांखाली चाऱ्याचे गवत आणि मूळच्या वृक्षांची रोपे गुदमरतात.

घाणेरी वरवर छाटली वा जाळली, तर बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून मातीखाली, जेथे खोड मुळाला मिळते तेथेच कुदळीने तोडून झुडूप उलटे टाकावे लागते. मोकळ्या जागी लगेच स्थानिक गवत व झाडे लावावी लागतात. नाहीतर तेच तण परत येते. गाजरगवताची पाने खाणारा भुंगेरा १९८३ साली मेक्सिकोहून भारतात आणला गेला. त्याचा उपयोग होतो. परंतु त्याचा जोर मुख्यतः पावसाळ्यापुरता असल्याने एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही.

यात शाळेचे काम कोणते? मुलांच्या हाती कोयता देणे नव्हे. गाजरगवताने अंगास खाज सुटते, दमाही बळावतो. ते मोठ्यांनीच हातमोजे घालून फुलण्यापूर्वी उपटावे. राखीव वनात अथवा भीमाशंकरसारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून काहीच तोडू नये.

शाळेचे काम ओळख करून देण्याचे आहे. टाकळा व कुर्डू या रानभाज्या. कारवी तर घराच्या कुडाला उपयोगी पडते आणि सात वर्षांनी एकदा फुलते. अजाण हात घाणेरीबरोबर कारवीही कापून टाकतो. म्हणून कुंपणालगतचा एक लहान तुकडा आखून द्यावा. त्यात कोणती वनस्पती उगवली, केव्हा फुलली, तिच्यावर कोणता पक्षी वा कीटक आला, हे मुलांनी दर महिन्यास वहीत टिपावे. आपले काय व उपरे काय हे ज्यास नेमके कळले, त्याच्याच हाती उद्या रानाची राखण निर्धास्तपणे सोपविता येईल.